चौथी किल्ली

४ मार्च

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

कागदाच्या डोक्यावर हसणारी दाढ बघून दचकू नका. दवाखान्याचं जुनं पॅड आहे. डॉक्टरांचा फोन नंबर बदलला आणि गठ्ठाच्या गठ्ठा वाया चालला होता, म्हटलं आपल्या गप्पांना होईल. फोनवर आपलं बोलणं म्हणजे नावालाच. तुमच्या शेजारी माझी लेक, माझ्या शेजारी आमचे हे. गोष्टीतली नायिका अजून घराबाहेर पडत नाही तोच तिकडून 'आई, आटप' आणि इकडून 'अगं, पुरे'. पत्रात निदान मधे कोणी तोंड घालत नाही.

या महिन्यात तीन कादंबऱ्या संपवल्या. पहिली दीपगृहाच्या रखवालदाराची. पानोपानी समुद्र आणि माणूस एकच, तोही घुम्या. पण वाचता वाचता मला दोनदा उठून पाणी प्यावंसं वाटलं, म्हणजे लेखकात दम आहे. दुसरी खुनाची. खुनी कोण ते मी पहिल्याच प्रकरणात ओळखलं होतं. शेवटी भलताच निघाला, ही लेखकाची चूक.

आणि तिसरी म्हणजे 'तिसरी किल्ली'. अहो, काय लिहिलीय! आतून डॉक्टरांचं 'आ करा, आ करा' चालू आणि बाहेर काउंटरवर माझ्या डोळ्यांना धार. गालाला हात लावून बसलेले एक आजोबा म्हणाले, "ताई, तुमचीही काढली का?" घर तिघांचं, किल्ल्या दोन. एक मुलाच्या खिशात, एक सासूच्या कमरेला. सून कामावरून आली की आपल्याच घराची बेल वाजवून उभी. सासू आंघोळीला गेलेली असली की ही पिशव्या घेऊन जिन्यात बसून राहते. ती पानं वाचताना मला फार भरून आलं. का, ते पुन्हा कधीतरी सांगेन.

शेवट सांगत नाही, तुमचा नियम मला ठाऊक आहे. एवढंच लिहिते की सासू शेवटी जे करते ते प्रत्येक सासूने करावं, आणि वेळेवर करावं. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही समजूतदार आहात. यावर सिनेमाही आलाय म्हणे. नक्की बघा आणि मत कळवा.

तुमची विहीण

१२ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

दाढ पोचली. सूनबाईने पाकीट बघून विचारलं, "आईने बिल पाठवलं का?"

नियमाची आठवण ठेवलीत, बरं वाटलं. अहो, उभी हयात तिकिटाच्या खिडकीत काढली मी. आत काय चाललंय ते भिंतीतून नुसतं ऐकू यायचं, बघायला वेळ कुठला? पण सिनेमा चालणार की पडणार ते मी बाहेर येणाऱ्यांच्या पायांवरून सांगायचे. आवडला की माणसं दारातच घोटाळतात, पडला की तरातरा गाड्या शोधतात. आणि कोणी शहाणा रांगेतल्या लोकांना शेवट सांगायला लागला की मी खिडकीतून ओरडायचे, "ओ साहेब, तिकीट बघायचं दिलं होतं, सांगायचं नाही!" मालकसुद्धा घाबरून असायचे मला.

आता रिटायर झाल्यावर सोमवारची मॅटिनी चुकवत नाही. सगळी उधारी वसूल चाललीय. परवा लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचा सिनेमा बघितला. सबंध सिनेमा त्या लिफ्टमध्येच! म्हटलं, मेले आता कंटाळ्याने. पण इंटरव्हलच्या आधी ती लिफ्ट जेमतेम वीतभर वर सरकली आणि अख्ख्या थिएटरने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, शेजारच्या माणसाच्या पाठीवर. त्याआधी भुताचा एक बघितला. भूत इतकं नीटनेटकं आणि शहाणं, की त्याला भाडेकरू म्हणून ठेवावं. पैसे पाण्यात.

तुमची 'तिसरी किल्ली' आमच्याकडे याच शुक्रवारी लागतेय. सूनबाईला रजा नाही, तेव्हा मी एकटीच जाईन. घरी सगळं छान. संध्याकाळी खिडकीजवळच्या खुर्चीवरून माझी आणि तुमच्या लेकीची भांडणं होतात, आणि शेवटी चिरंजीव तिथे बसतात.

तुमची विहीण

२५ मार्च

सौ. विहीणबाई यांस,

स. न. वि. वि.

सिनेमा पाहिला. आपलं मत पोचलं. प्रत्येक सासूने करावं आणि वेळेवर करावं, असं आपण लिहिलं होतंत. वेळेची आठवण दिलीत तेही बरं केलंत.

नाव 'तिसरी किल्ली' असलं तरी सिनेमात किल्ल्या दोनच दिसल्या. पण अर्थ कळायला दोन पुरेशा आहेत.

कळावे.

२ एप्रिल

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

अहो, पत्र की तार? कागद संपले असतील तर सांगा, दाढांचा अख्खा गठ्ठा पाठवते. पण शेवट तुम्हाला पटला हे वाचून मला इतका आनंद झाला की मी लगेच लेकीला फोन करून सांगितलं, "बघ, तुझ्या सासूबाईंना पटलं!" ती म्हणाली, "काय पटलं?" मी म्हटलं, तो आमच्या दोघींचा विषय आहे, तू आपलं काम कर.

किल्ल्या दोनच दिसल्या म्हणता? शेवटच्या रांगेत बसला होतात की चष्मा घरी राहिला? नंबर तपासून घ्या हो. नावातच जी आहे तीच नेमकी कशी निसटली?

सध्या एक जाडजूड कादंबरी हातात आहे. चार बहिणी, चौघींची लग्नं, आणि नवरे इतके सारखे की मी कागदावर लिहून ठेवलेत. आमचे हे म्हणाले, "एवढा अभ्यास शाळेत केला असतास तर आज आत बसून दाढा काढल्या असत्यास." मी म्हटलं, तुमच्यापासून सुरुवात केली असती.

बाकी तुमच्या घरात तुमच्या खोलीचं काहीतरी शिजतंय, असं लेकीच्या बोलण्यावरून कळलं. मी काही सांगणार नाही हं. तोंडाला कुलूप लावलंय. पण तुम्हाला आवडेल असं मला वाटतं.

उत्तर मोठं लिहा.

तुमची विहीण

११ एप्रिल

विहीणबाई,

आज नमस्कार नंतर. आत्ताच लेकीचा फोन येऊन गेला. पोर रडत होती. तुम्ही कपाट रिकामं करायला घेतलंय, तुमच्या थिएटरच्या जुन्या डोअरकीपरच्या बहिणीकडे भाड्याची खोली बघून आलात, आणि काय झालं विचारलं तर म्हणता, "तुझ्या आईला विचार." चिरंजीव समजावायला गेले तर त्यांनाही तेच.

मग विचारतेय. काय चुकलं माझ्या लेकीचं? उलट बोलली? काही लपवलं? चुकली असेल तर मी येऊन तिचा कान धरीन, आणि नसेल चुकली तर तसं सरळ सांगा. आपण दोघी गेली दोन वर्षं मैत्रिणींसारख्या वागलो म्हणून हे असं तोडून लिहितेय. एका घरात राहून माणसाने असं कोड्यात बोलू नये. माझी लेक तुम्हाला किती मानते हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

फोन ठेवला आणि माझ्याकडून एका पेशंटला आजच्याऐवजी उद्याची वेळ दिली गेली. तो सुजलेला गाल घेऊन परत गेला. माझं कशात लक्ष नाही.

लगेच लिहा.

१६ एप्रिल

विहीणबाई,

चुकलं काय ते विचारता? चुकलं कोणाचं काहीच नाही. मी तुमचंच ऐकलं.

लेकी बोले सुने लागे, ही म्हण मी लहानपणापासून ऐकतेय. कादंबरीला बोलायचं आणि विहिणीला लागू द्यायचं, हे मात्र नवीन शिकले. शेवट तुम्हाला माहीत आहे म्हणून लिहिते, नाहीतर मेले तरी लिहिला नसता. सासू कमरेची किल्ली काढते, सुनेच्या हातावर ठेवते, बॅग उचलते आणि घर सोडून निघून जाते. बस धुक्यात दिसेनाशी होते. वर ते व्हायोलिन. हे 'प्रत्येक सासूने करावं, आणि वेळेवर करावं', असं लिहिलंत तुम्ही. वर 'तुम्ही समजूतदार आहात'. मग मला कळलं नाही असं आणखी किती दिवस दाखवायचं?

सिनेमाहून घरी आले तर पोरं दोघं माझ्या खोलीत टेप घेऊन मापं घेत होती. मला बघितलं आणि टेप खिशात. तरी मी मनाला समजावलं, म्हटलं काहीतरी दुसरं असेल. मग तुमचं पत्र आलं. खोलीचं शिजतंय आणि तुम्हाला आवडेल! अहो, आता आणखी काय शिजायचं राहिलं?

खरं सांगू? सिनेमा संपल्यावर मी जागची उठलेच नाही. पायांवरून सिनेमा ओळखणारी मी, पण माझेच पाय उचलेनात. हे गेले तेव्हा मला एकच धास्ती होती, की मी या घरात पाहुणी होणार. सून आली आणि ती धास्ती गेली. तुमच्या लेकीनेच घालवली. कामावरून आली की चपला काढायच्या आधी विचारते, "आई, आज काय बघितलंत?" आणि सगळं ऐकून घेते. शेवट सोडून. म्हणून तर जास्त लागलं. तिच्या मनात नसेल, पण आईच्या मनात आहे म्हणजे आज ना उद्या तिच्या मनात येणार, असं वाटलं.

खोली बरी आहे. जिना जरा उभा आहे. मला तिकडे अजिबात जायचं नाही, पण कोणाच्या घरात अडगळ होऊन राहायचंही नाही.

बस. आता तुमची पाळी.

१८ एप्रिल

विहीणबाई,

कालच्या कालच सिनेमाला गेले. तुमचं पत्र हातात, आमचे हे मागे. सिनेमात बसले की पाट्या संपायच्या आत घोरतात ते. काल शेवटाला मात्र टक्क जागे झाले, कारण मी शेजारी उभी राहून 'हे नाही! असं नाहीये!' म्हणून ओरडत होते. डोअरकीपरने तोंडावर बॅटरी मारली, म्हणाला, "बाई, बरं नाही का?" मी म्हटलं, मला बरं आहे, तुमच्या सिनेमाला बरं नाही.

कादंबरीत असलं काही नाही हो! मेल्यांनी शेवट बदलला! बस नाही, धुकं नाही, बॅग नाही, आणि ते व्हायोलिन तर नाहीच नाही. मी सिनेमा बघितलाच नव्हता. मला वाटलं, कादंबरीवरून काढलाय म्हणजे तसाच असणार. आणि तुम्ही कादंबरी वाचली नव्हती. तुमच्या नियमापायी दोघीही शेवटाबद्दल बोलत राहिलो आणि शेवट काही कोणी सांगितला नाही.

तर आज नियम मोडते. कान उघडून ऐका. सासू एके दुपारी उठते, बाजारात जाते आणि किल्लीवाल्याच्या दुकानात उभी राहते. कमरेची किल्ली काढून त्याला देते आणि म्हणते, हिच्यासारखी आणखी एक कर. यंत्र किरकिरतं, ती हलत नाही. नवी किल्ली घेते, फुंकर मारून भुगा उडवते, आणि संध्याकाळी सून दारात आली की तिच्या हातावर ठेवते. म्हणते, 'नवी आहे, आधी जरा अडेल. दार स्वतःकडे ओढून फिरव.' संपली कादंबरी. ती तिसरी किल्ली. कोणी कुठे जात नाही. घर तिघांचं तिघांचंच राहतं.

आणि तुम्ही तर हे आधीच केलेलं. लग्न ठरलं त्याच आठवड्यात माझ्या लेकीच्या हातावर किल्ली ठेवली होतीत. ती घरी येऊन सगळ्यांना दाखवत सुटली होती. म्हणून लिहिलं, तुम्हाला काय सांगायचं. कौतुक केलं हो मी तुमचं! आणि तुम्ही कपाट रिकामं करायला बसलात.

आता पोरांचं गुपितही फोडते. कुलूप गेलं खड्ड्यात. मापं पलंगाची होती. तुमच्या खोलीत दुसरा पलंग मावतो का, ते बघत होती दोघं. माझ्यासाठी. मी आले की दिवाणखान्यात अवघडून झोपते आणि दुसऱ्या दिवशी पळते म्हणून. दोन म्हाताऱ्या एका खोलीत राहिल्या की सिनेमांच्या गप्पा त्यांना तरी ऐकायला लागणार नाहीत, असं लेक म्हणाली.

एक राहिलं. ती जिन्यातली पानं वाचून मला का भरून आलं ते. गेल्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाला मी न कळवता आले होते, आठवतं? दाराला कुलूप. तुम्ही तिघं सिनेमाला. शेजारी ओळख नाही. बसले जिन्यात, मांडीवर पिशवी घेऊन. येणारेजाणारे वळून बघत होते. खालून तुमचा आवाज ऐकला आणि मला इतकी लाज वाटली की मी एक मजला वर गेले, आणि तुम्ही आत शिरल्यावर खाली येऊन बेल वाजवली, जशी काही आत्ताच पोचतेय. मुलीचं घर ते, पण माझ्यासाठी बेलचंच घर. यात तुमचा काही दोष नाही. कोणाचाच नाही. पण त्या सुनेच्या जागी मला सारखी मीच दिसत होते.

पुस्तक सोबत पाठवतेय. शेवटचं पान आधी वाचलंत तर मी कोणाला सांगणार नाही. आणि ते कपाट भरा आधी.

तुमची, ओशाळलेली, विहीण

२७ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

कपाट भरलं. सूनबाईनेच भरलं, मला हात लावू दिला नाही. मधेमधे माझ्याकडे बघून डोळे वटारत होती. चिरंजीव म्हणाले, "तुम्हा दोघींना सिनेमा बघायला आणि पुस्तक वाचायला बंदी." त्यांना काय, ते खुर्चीत बसून होते.

डोअरकीपरच्या बहिणीला नाही म्हणून सांगून आले. ती म्हणाली, तरी मला वाटलंच होतं, खोली बघायला आलेली बाई कधी खिडकीशी उभी राहून रडते का? मी म्हटलं, तो जिना चढून डोळ्यांत पाणी आलं.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. नियम तो नियम. एवढं जाड पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदाच पुरं केलं आणि माझं मत स्पष्ट आहे. सिनेमा आवाजाने रडवतो, पुस्तकाने मला गप्प बसवून रडवलं. त्यांनी शेवट का बदलला तेही मला कळलं. किल्लीवाल्याच्या यंत्राच्या किरकिरीवर व्हायोलिन कसं वाजवणार? पण पुस्तकात एक खोट आहे. सासू त्या दुकानात जायला इतकी पानं का लावते? मी असते तर मधल्या प्रकरणातच गेले असते. मोठ्या बाता, असं म्हणाल. म्हणा. महिनाभर मी जो गोंधळ घातला तो बघता तुम्हाला हक्क आहे. एक शब्द विचारला असता तर भागलं असतं, पण विचारेल ती मी कसली!

तुमच्या जिन्याचं वाचलं आणि मला माझाच राग आला. त्या दिवशी तुम्हाला धाप लागली होती. मी म्हटलं होतं, "वजन कमी करा विहीणबाई." तुम्ही हसलात. कसं हसलात हो? इतकं सोसून वर माणूस हसतं, आणि मी एका वाक्यावरून घर सोडायला निघाले.

पलंग आला. मावला. तुमचा भिंतीकडचा, माझा खिडकीकडचा. यावर भांडण नको, मी आधी आलेय. पुढच्या सोमवारी मॅटिनीला दोन जागा धरल्यात. नाव सांगत नाही, पण कादंबरीवरून काढलेला नाही, एवढी चौकशी करून ठेवलीय. इंटरव्हलला खारे दाणे तुम्ही घ्यायचे. शेवट सांगितल्याचा दंड.

तुम्ही याल त्या वेळी मी घरी असेनच असं नाही. चष्मा टाकायला जायचंय. नंबर खरंच वाढलाय, त्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात. पोरं कामावर असतील. म्हणून हे पाकीट जरा जड लागेल. काल दुपारी बाजारात जाऊन आले. आमच्या घरात किल्ल्या तीन होत्या. ही चौथी.

बेल वाजवायची नाही. जिन्यात बसायचं नाही. नवी आहे, आधी जरा अडेल. दार स्वतःकडे ओढून फिरवा.

तुमची विहीण